मदत हवी आहे: क्रॅनबेरीचे वेल नुसतेच पसरतायत, फळ एकही नाही

जाणकारांनो, हा तिसरा उन्हाळा. घरामागे 1 मीटर बाय 2 मीटरचा वाफा खणून त्यात पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा आम्लधर्मी भुसा) आणि जाड वाळू भरली आणि क्रॅनबेरीची 4 रोपं लावली. दिवसभर ऊन असतं. हिवाळ्यात इथे पाणी गोठतं, त्यामुळे थंडी कमी पडली असंही म्हणता येत नाही.

आधी माझे प्रताप सांगते, म्हणजे तुम्हाला विचारावे लागणार नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसं आणि भोवती तरंगणारी लालबुंद फळं, असे फोटो पाहून मला वाटलं की हे पाण्यातलंच झाड. पहिला उन्हाळाभर वाफ्यात तळं करून ठेवलं. एक रोप कुजलं, तेव्हा अक्कल आली. मग हिवाळ्यात पानं तांबडी-जांभळी झाली. वेल मेले समजून उपटायलाच निघाले होते, पण कंटाळा केला म्हणून वाचले!

सध्याची स्थिती अशी: रनर (जमिनीवर आडव्या पसरणाऱ्या फांद्या) सुसाट सुटलेत, वाफा ओलांडून बाहेर गेलेत. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. फुलं मोजून 5-6 आली, तीही गळली. पाणी नळाचं, रोज. खत म्हणजे भाजीपाल्याला घालते तेच, महिन्यातून एकदा, शिवाय मूठ-मूठ कंपोस्ट. वसंतात कात्रीने सगळे शेंडे छाटून वाफा छान एकसारखा करून घेते. काय चुकतंय?

प्रतिसाद 1

शिरा हिरव्या आणि पान पिवळं म्हणजे लोह कमी पडतंय. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून बघा.

प्रतिसाद 2

व्हिनेगर नको. त्याचा परिणाम फार टिकत नाही, आणि जास्त पडलं तर मुळं भाजतील. लोह मातीत असतं हो, पण सामू (pH, म्हणजे आम्लतेचा आकडा; तो वाढला की आम्लता कमी) वर गेला की झाडाला ते उचलता येत नाही. क्रॅनबेरीला सामू साधारण 4 ते 5.5 लागतो. तुमचं नळाचं पाणी जड (चुन्याच्या क्षारांचं) असेल, तर रोजच्या रोज तुम्ही पीटची आम्लता मारताय. आधी पाण्याचा आणि मातीचा सामू तपासा. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. मातीचा सामू वर गेला असेलच तर बागेसाठीचं गंधक बेताने मिसळा. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्याला काही महिने लागतात, त्यामुळे आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून पुन्हा ओतू नका.

पण फळ न येण्याचं कारण तुम्ही शेवटच्या ओळीत स्वतःच सांगितलंय. आडवे पसरतात ते रनर आणि त्यांच्यावर बोटभर-वीतभर उंचीचे उभे शेंडे फुटतात. फळ धरतं मुख्यतः या उभ्या शेंड्यांवर. त्यांच्या टोकाची कळी आदल्या उन्हाळ्याच्या शेवटी-शरदात तयार होऊन हिवाळाभर झोपून असते. वसंतात तुम्ही वाफा 'एकसारखा' करता तेव्हा त्या वर्षीचं सगळं पीक कात्रीत जातं!

उरलेला दोष खताचा. नत्र जास्त झालं की हे झाड रनर सोडत सुटतं आणि उभे शेंडे धरत नाही. शिवाय त्याला नत्र अमोनियमच्या रूपात हवं, नायट्रेट त्याच्या फारसं कामाचं नाही. यंदा खत पूर्ण बंद. कंपोस्टही नको, ते बहुधा आम्लधर्मी नसतं.

त्याऐवजी वाळू घाला. वसंताच्या तोंडावर रनरवर 1-2 सेंमी जाड वाळू पसरा, शेंडे उघडे ठेवून. दबलेले रनर मुळं धरतात आणि नवे उभे शेंडे काढतात. ही युक्ती जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिस गावी 1816 च्या सुमारास हेन्री हॉल यांनी पाहिलं की वाऱ्याने उडालेली वाळू जिथे पडते तिथले वेल जास्त जोमाने वाढतात. तिथून लागवडीची सुरुवात झाली.

प्रतिसाद 3

फोटोतलं पाणी कापणीपुरतं असतं. फळात हवेचे कप्पे असतात, म्हणून ते तरंगतं आणि गोळा करणं सोपं जातं. थंडीपासून बचावासाठीही शेतं पाण्याखाली ठेवतात. वाढीच्या दिवसांत मात्र माती ओलसर हवी, चिखल नको. आणि फुलांच्या दिवसांत कीटकनाशक फवारू नका, मधमाश्या-भुंगे नसतील तर फळधारणा होणार नाही.

धागाकर्ती

कात्री कुलुपात टाकली. काल पाणी तपासलं, सामू 8 ला टेकलाय. पन्हळीखाली पिंप ठेवलंय. वाफ्याबाहेरच्या साध्या मातीत रुजलेले रनर जास्तच पिवळे आहेत, त्यांचं काय करू?

प्रतिसाद 2

ते मात्र खुशाल कापा. वीतभराचे तुकडे करून वाफ्यातल्या रिकाम्या जागी खोचा, टोक तेवढं वर ठेवा. ओल राहिली तर सहज रुजतात. कुजलेल्या रोपाची जागा भरून निघेल.