मोठी इलेक्ट्रॉनिक्स दुकानं आतून कशी रिकामी होत गेली? (अनुभव धागा)

धागाकर्ता

अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या साखळ्या बघा: सर्किट सिटी २००९ मध्ये बंद झाली, रेडिओशॅकने २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, फ्राइजने २०२१ च्या फेब्रुवारीत एका रात्रीत शटर ओढलं. आपल्याकडे शोरूम चालू आहेत, पण आतलं काम पार बदललंय. बातम्यांत कारण एकच असतं: ऑनलाइन. ज्यांना मजला (म्हणजे विक्रीची जागा), गोडाऊन, बिलिंग, हिशेब यांतलं कळतं त्यांनी लिहावं, की आधी काय बिघडतं आणि कशामुळे. साहेबांबद्दलची गाऱ्हाणी आणि आत्मचरित्र नको, कामाचा तपशील हवा. सध्या जिथे नोकरी आहे त्या दुकानाचं नाव घेऊ नये.

रिचमंडकर

सर्किट सिटी मूळची इथली, व्हर्जिनियातल्या रिचमंडची. सॅम वुर्टझेल यांनी १९४९ मध्ये रिचमंडला ‘वॉर्ड्स’ नावाने टीव्हीचं दुकान काढलं, १९८४ मध्ये कंपनीचं नाव सर्किट सिटी झालं. विक्रेते कमिशनवर होते. कमिशनवाला गिऱ्हाइकाच्या मागे लागतो हे खरं, पण मालाची माहिती त्याला ठेवावीच लागते, कारण चुकीचा माल परत आला की त्याचं कमिशन कापलं जातं.

फेब्रुवारी २००३ मध्ये कमिशन बंद करून सगळ्यांना ताशी पगारावर आणलं आणि सुमारे ३,९०० विक्रेते कमी केले. मार्च २००७ मध्ये आणखी सुमारे ३,४०० जणांना काढलं. काम वाईट म्हणून नव्हे, तर ताशी पगार बाजारभावापेक्षा जास्त म्हणून. दहा आठवड्यांनी कमी पगारावर पुन्हा अर्ज करायची मुभा होती. आता असा पगार कोणाचा असणार? जुन्यांचा. ४ ओहमचे स्पीकर ८ ओहमच्या रिसीव्हरला जोडले तर आवाज वाढवल्यावर रिसीव्हर गरम होऊन बंद पडतो, लांब अंतराला १६ गेजऐवजी १२ गेजची, म्हणजे जाड वायर लागते, भिंतीतले लाकडी खांब साधारण १६ इंचांवर असतात आणि टीव्हीचा ब्रॅकेट नुसत्या प्लास्टरबोर्डात ठोकायचा नसतो, हे माहीत असलेल्यांचा. नेमक्या त्याच वर्षांत सपाट टीव्ही घराघरांत शिरत होता. प्लाझ्मा की एलसीडी, ७२० की १०८० हे समजावून सांगायला माणूस लागत होता.

त्याआधी २००० मध्ये फ्रीज आणि वॉशिंग मशीन विकणं सोडलं होतं. पुढची पाच-सहा वर्षं अमेरिकेत घरबांधणी जोरात होती. तो धंदा होम डेपो आणि लोव्ज या घरबांधणीचं सामान विकणाऱ्या साखळ्यांकडे गेला.

शेवटचा धक्का उधारीचा. अशा दुकानात माल ३० ते ६० दिवसांच्या उधारीवर येतो. पुरवठादाराला शंका आली की उधारीचा विमा मिळेनासा होतो, मग तो आधी पैसे मागतो. हे घडलं ते थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या खरेदीच्या तोंडावर, गोडाऊन भरायच्या ऐन वेळी. १० नोव्हेंबर २००८ ला दिवाळखोरीचा अर्ज झाला, १६ जानेवारीला उरलेली ५६७ दुकानं मोडीत काढायचं ठरलं आणि सुमारे ३४,००० लोकांची नोकरी गेली.

खोकेवाला

मूळ मुद्दा असा की खोक्यात पैसा नाही. उदाहरणाचे आकडे घ्या. १,००० डॉलरचा टीव्ही दुकानाला ९०० ला पडतो. कार्डाची फी २ टक्के, म्हणजे २० गेले. उरलेल्या ८० मध्ये भाडं, वीज, पगार आणि चोरी. ५ डॉलरची एचडीएमआय केबल ३० ला जाते. भिंतीचा ब्रॅकेट ४० चा १०० ला. दोनशेची वाढीव वॉरंटी विकली तर त्यातला मोठा वाटा दुकानाचा. म्हणजे टीव्ही हे फक्त निमित्त, कमाई त्याला चिकटलेल्या वस्तूंवर. तीच केबल ऑनलाइन ६ डॉलरला दिसू लागली त्या दिवशी हा हिशेब फिसकटला.

परत आलेला माल तर विचारूच नका. उघडलेलं खोकं नवीन म्हणून विकता येत नाही. २० टक्के कमी करून ८०० ला गेलं तर १०० डॉलर तोटा, म्हणजे दुसऱ्या टीव्हीचं सगळं मार्जिन धुतलं गेलं. म्हणून उघडलेल्या मालावर १५ टक्के कापून घेत. बेस्ट बाय या दुसऱ्या मोठ्या साखळीने ही कपात २०१० च्या डिसेंबरमध्ये बहुतेक मालावरून काढली, कारण गिऱ्हाईक त्यावर चिडून जात होतं.

याचा मजल्यावर परिणाम काय? रोजच्या तक्त्यात विक्रीपेक्षा वॉरंटीची टक्केवारी महत्त्वाची होते. मग जाहिरातीतला स्वस्त टीव्ही शिल्लक असूनही, वॉरंटी नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘संपला’ सांगायची सवय लागते. त्याने टीव्ही नेला तर विक्रेत्याची टक्केवारी उतरते. दोष माणसापेक्षा तक्त्याचा.

सॅन होजेकर

कराचं कोणी लिहिलं नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९९२ च्या क्विल निकालामुळे ज्या राज्यात कंपनीची प्रत्यक्ष जागा नाही तिथे तिला विक्रीकर गोळा करावा लागत नव्हता. इथे कॅलिफोर्नियात ८-९ टक्के कर. हजाराच्या लॅपटॉपवर दुकानदार आधीच ८०-९० डॉलरने महाग. कायद्याने तो कर गिऱ्हाइकाने स्वतः भरायचा, पण भरतो कोण! कॅलिफोर्नियात अॅमेझॉनने कर घ्यायला सप्टेंबर २०१२ मध्ये सुरुवात केली. क्विलचा निकाल त्याच कोर्टाच्या २१ जून २०१८ च्या वेफेअर निकालाने रद्द झाला, तोवर बहुतेकांचं आटोपलं होतं.

फ्राइज १९८५ मध्ये सनीव्हेलला सुरू झालं. रेझिस्टरपासून फ्रीजपर्यंत सगळं एका छपराखाली, आणि प्रत्येक दुकानाची सजावट वेगळी: सॅन होजेत माया लोकांचं मंदिर, पालो आल्टोत काउबॉयचं गाव. इथल्या मराठी इंजिनिअर मंडळींच्या शनिवारच्या फेऱ्या ठरलेल्या असत.

२०१९ मध्ये त्यांनी कन्साइनमेंट सुरू केलं. म्हणजे माल पुरवठादाराच्याच मालकीचा, विकला गेला की मगच पैसे. कागदावर छान. प्रत्यक्षात पुरवठादाराला तीन भीती असतात: माल चोरीला गेला तर कोणाचा, दुकान बुडालं तर हक्क सिद्ध करायला आधीच राज्याकडे नोंदणी केलेली हवी, नाहीतर माल इतर धनकोंच्या वाटणीत जातो, आणि न विकलेलं परत आणायचं भाडं. मोठे ब्रँड या अटींवर आलेच नाहीत. जे आले त्यांचा किरकोळ माल. मग कर्मचाऱ्यांचं काम उरतं ते ‘फेसिंग’: एकच वस्तू फळीच्या कडेला ओळीने लावायची, मागे पोकळी. लांबून फळी भरलेली दिसते. फळीत हात घातला की मागे काही लागत नाही, तेव्हा गिऱ्हाइकाला कळतं. २४ फेब्रुवारी २०२१ ला ९ राज्यांतली ३१ दुकानं एकदम बंद झाली.

रिमोट हरवला

मग बेस्ट बाय कसं टिकलं? ऑनलाइन त्यांनाही होतंच की.

खोकेवाला

२०१३ पासून ऑनलाइन भावाला भाव देणं कायम केलं. सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट यांना दुकानातच जागा दिल्या, त्या मांडणीचा खर्च ब्रँडच्या अंगावर. दुकानातूनच पार्सल पाठवायला लागले, त्यामुळे पडून राहिलेला माल हलला. आणि २०१२ मध्ये प्रमुख म्हणून आलेल्या ह्यूबर्ट जोली यांनी कर्मचाऱ्यांची खरेदीवरची, आधी छाटलेली सवलत परत दिली. ही शेवटची गोष्ट अहवालात बारीक दिसते, मजल्यावर नाही. शिवाय सर्किट सिटी बुडाल्यावर तिचं गिऱ्हाईक आयतं मिळालं, हेही धरा.

सोल्डरिंग

रेडिओशॅकबद्दल थोडं. सुटे भाग विकणारं दुकान, आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखं, फक्त मॉलमध्ये. सुट्या भागांचा घोळ असा की मार्जिन मोठं पण रक्कम किरकोळ. कपॅसिटरचं पाकीट शोधून द्यायला दहा मिनिटं, बिल दोन डॉलरचं. मोबाइल कंपन्या प्रत्येक जोडणीमागे भरघोस कमिशन द्यायला लागल्यावर सुट्या भागांचे खण मागे गेले आणि फोन पुढे आले. एक फोन चालू करायला ओळखपत्र, पत तपासणी, जुना नंबर आणणं, सगळं मिळून पाऊण तास. दुकानात माणसं दोन. तेवढ्यात बॅटरी घ्यायला आलेला निघून जातो. कमिशनचे दर मोबाइल कंपन्यांच्या हातात, त्यांनी हात आखडला की दुकान लटकलं. २०१४ मध्ये १,१०० पर्यंत दुकानं बंद करायचं जाहीर केलं, पण कर्ज देणाऱ्यांची संमतीच मिळाली नाही. तोट्याची दुकानं चालू ठेवायचीही सक्ती असू शकते!

रिचमंडकर

शेवटच्या सेलचं तंत्रही लिहून ठेवतो. ‘मोठी सूट’ बघून धावणाऱ्यांनी जरूर वाचावं.

सेल दुकान चालवत नाही, लिक्विडेटर, म्हणजे बुडालेल्या दुकानाचा माल विकून देणाऱ्या कंपन्या, चालवतात. ते मालाच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांची हमी देऊन दुकान ताब्यात घेतात. पहिलं काम म्हणजे चालू सवलतीच्या पाट्या काढून मूळ छापील किमती लावणं. त्यावर १० टक्के सूट म्हणजे बऱ्याचदा आदल्या आठवड्यापेक्षा महाग. दर काही दिवसांनी टक्केवारी चढते आणि चांगला माल २०-३० टक्क्यांपर्यंत संपतो. ७०-८० टक्क्यांवर उरतात केबल, कव्हरं आणि प्रिंटरची जुनी शाई. काही वेळा बाहेरून हलका माल आणूनही मिसळतात. परत घेणं बंद. डिस्प्लेच्या वस्तूंचे रिमोट, स्टँड आणि स्क्रू हरवलेले असतात, ते घेण्याआधी मोजा. शेवटी फळ्या, शिड्या, पॅलेट जॅक (जड माल हलवायच्या हातगाड्या) विकले जातात. रोख नेणाऱ्या छोट्या दुकानदाराला खरा फायदा तिथे.

कर्मचाऱ्याने बघायचं ते असं: शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात तर मिळणारा बोनस लेखी आहे का, अमेरिकेत १०० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला साधारण ६० दिवसांची नोटीस बंधनकारक आहे, ती पाळली का. थकलेल्या पगाराला दिवाळखोरीत अग्रक्रम असतो, पण अर्जाआधीच्या १८० दिवसांतल्या कमाईपुरताच आणि त्यालाही कमाल मर्यादा. सर्किट सिटीच्या वेळी ती माणशी १०,९५० डॉलर होती.

काउंटर नंबर ४

आता आपल्याकडचं. इथे साखळ्या वाढल्या: क्रोमाचं पहिलं दुकान २००६ मध्ये जुहूला, आता लहान शहरांतही शोरूम आहेत. आटलाय तो दुकानाचा स्वतःचा विक्रेता. मजल्यावर शर्टावर ब्रँडचं नाव असलेला दिसतो तो प्रमोटर. त्याचा पगार ब्रँड देतं, बहुधा एखाद्या एजन्सीमार्फत. दुकानाला माणूस फुकट पडतो. पण त्याचं टार्गेट एकाच ब्रँडचं, त्यामुळे ‘दोन्हींत कुठला बरा’ याचं सरळ उत्तर द्यायला मजल्यावर कोणी उरत नाही. मग गिऱ्हाईक तिथेच मोबाइल काढून बघतं. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

दर लपवायला मॉडेल नंबरचा खेळ होतो. पॅनल जवळपास तोच, ऑनलाइनसाठी एक नंबर आणि दुकानासाठी दुसरा, म्हणजे भावाची तुलनाच होत नाही. पोर्ट किती, रिफ्रेश रेट किती आणि स्पीकर किती वॅट एवढं ताडून बघितलं की जुळे सापडतात. डिस्प्लेचा टीव्ही ‘व्हिव्हिड’ मोडवर असतो. रिमोट मागून ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ करून बघा.

एसीत दुकान अजून टिकून आहे, कारण तिथे खोकं पोचल्यावर काम संपत नाही. तांब्याच्या पाइपाची जादा लांबी, बाहेरच्या युनिटचा स्टँड, भिंतीला भोक, पाइपातली हवा पंपाने न काढता (व्हॅक्यूम न करता) गॅस सोडणारा घाईतला मेकॅनिक. तक्रार घेऊन यायला समोर काउंटर लागतो.

करबदलाची झळ मात्र एसी आणि टीव्हीलाच बसली. १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कपातीची घोषणा झाली, एसी आणि ३२ इंचांवरच्या टीव्हीचा दर २८ वरून १८ वर आला तो २२ सप्टेंबरला. मधले दिवस लोक नुसते बघून जात होते, ऐन गणपतीत. २८ टक्के भरून घेतलेल्या मालाचं क्रेडिट (भरलेल्या कराची पुढच्या करातून वजावट) मिळतं, पण विक्रीवर १८ च लागत असल्याने ते हळूहळू वापरलं जातं. तोवर दुकानाची रोकड अडकून बसते.

रिमोट हरवला

प्रमोटरच्या पीएफ-ग्रॅच्युइटीचं काय होतं?

काउंटर नंबर ४

तिथेच खरी मेख आहे. वर्षानुवर्षं त्याच काउंटरला उभा असलेल्या माणसाची एजन्सी मधल्या मध्ये बदलते, आणि प्रत्येक वेळी कागदावर तो नवा. ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात, ती कधी भरतच नाहीत. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १५,००० मूळ पगारावर सहा वर्षांचे जवळपास ५१,९०० रुपये होतात. एजन्सी बदलताना कोऱ्या राजीनाम्यावर सही करू नका, जुन्या नेमणूकपत्राची प्रत ठेवा. पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघा, कारण पगारातून कापलेली रक्कम भरलीच नाही हे बऱ्याचदा एजन्सी गुंडाळल्यावर कळतं. नवीन एजन्सीने दुसरा यूएएन (पीएफचा कायमचा खाते नंबर) काढू नये, जुनाच द्या. नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर नोकरी चालू असतानाच दुरुस्त करून घ्या. दुरुस्तीला मालकाची मंजुरी लागली तर ती बंद पडलेल्या एजन्सीकडून मिळवणं म्हणजे नुसते हेलपाटे.