सर्फेसचं सॉलिड करणं: भरीव, घन की बंदिस्त?

प्रश्न: कॅडच्या (संगणकावर वस्तूंची त्रिमितीय मॉडेलं बनवण्याच्या) कामाची मराठी टिपणं लिहितोय. बाहेरून आलेली आयजेस फाइल (मॉडेलांच्या देवाणघेवाणीचं एक फाइल-रूप) उघडली की बरेचदा नुसती सर्फेसेस, म्हणजे जाडी नसलेली पृष्ठं, मिळतात, मग त्यांचं सॉलिड करून घ्यावं लागतं. याला 'भरीव करणे' म्हटलं तर चालेल का? आणि 'स्टिच' (पृष्ठं कडेला कड लावून एक करणं), 'ओपन एज' (शेजारच्या पृष्ठाशी न जुळलेली कड) यांना काय म्हणावं?

उत्तर: 'भरीव' नको. भरीव म्हणजे आतून पोकळ नसलेलं, आणि कॅडमध्ये पोकळ नळीसुद्धा सॉलिडच असते. तिची बाहेरची व आतली गोल पृष्ठं आणि दोन टोकांच्या कड्यासारख्या चकत्या मिळून नळीच्या भिंतीची जागा चहूबाजूंनी बंद करतात, एवढंच पुरतं. सॉफ्टवेअर आत काही भरत नाही. कुठलाही बिंदू घेतला तर तो वस्तूच्या आत आहे की बाहेर हे नक्की सांगता आलं, की झालं सॉलिड. घनफळ आणि वजनही त्यानंतरच काढता येतं. म्हणून क्रियेला मी 'बंदिस्त करणे' लिहीन. 'घन' म्हटलं की शाळेतला सहा चौरसांचा ठोकळा डोळ्यापुढे येतो, तेव्हा नाम 'सॉलिड'च राहू द्या.

'स्टिच'ला बेलाशक 'शिवणे' म्हणा. 'जोडणे' नको, कारण असेंब्लीत सुटे भागही आपण जोडतोच. शिवताना वेगळं काही घडतं: शेजारच्या दोन पृष्ठांच्या दोन कडा जाऊन त्या जागी एकच सामाईक कड येते.

'ओपन एज'ला 'उघडी कड' ठीकच आहे, पण आयात केलेल्या मॉडेलपुरता मला 'उसवलेली कड' हा शब्द फार आवडतो. मूळ मॉडेलमध्ये ती पृष्ठं बहुधा एकसंधच असतात. आयजेस हे १९८० सालचं फाइल-रूप, त्यात सहसा कापलेली पृष्ठं सुटी सुटी लिहिली जातात, कोण कोणाला लागून आहे याची नोंद राहत नाही. १९९४च्या स्टेप या फाइल-रूपात ती नोंद ठेवण्याची सोय आहे, म्हणून देणाऱ्याकडे आधी स्टेप मागावी.

समजा दोन पृष्ठांमध्ये ०.०२ मिमीची फट आहे आणि शिवणीचा टॉलरन्स (किती फटीपर्यंत कडा जुळल्या मानायच्या ती मर्यादा) ०.००१ मिमी ठेवलाय. पडद्यावर सगळं जुळलेलं दिसेल, पण ती कड उसवलेलीच राहील आणि सॉलिड होणार नाही. टॉलरन्स ०.०३ केला तर शिवलं जाईल. मात्र तो सरसकट वाढवत नेऊ नये, त्याहून बारीक पृष्ठं त्यात चिरडली जातात. मोठी फट असेल तर आधी पृष्ठाचा तुकडा घालून बुजवावी, मग शिवावं.

प्रश्न: सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये याच कामाला 'निट' म्हणतात. मग 'विणणे' लिहू का?

उत्तर: आज्ञेचं नाव सांगताना 'निट' असंच लिहा, अर्थ सांगताना 'शिवणे'. विणकामात धाग्यापासून कापड तयार होतं, इथे कापड तयारच असतं. एनएक्स या सॉफ्टवेअरमध्ये तर 'स्यू'च (शिवणे) म्हणतात. कॅटिया या सॉफ्टवेअरमध्ये दोन पायऱ्या आहेत, आधी 'जॉइन', मग 'क्लोज सर्फेस'. ही दुसरी आज्ञा सपाट तोंडं स्वतःच झाकते, तेव्हा 'बंदिस्त करणे' तिला चपखल बसतं.

प्रश्न: एसटीएललाही (थ्रीडी प्रिंटिंगसाठी वापरलं जाणारं फाइल-रूप) हेच शब्द?

उत्तर: जपून वापरा. एसटीएलमध्ये नुसते त्रिकोण असतात, गोल भोकसुद्धा चपट्या तुकड्यांचं. ते शिवून बंदिस्त होईल, पण भोकाचा खरा दंडगोल परत मिळणार नाही. तो हवा असेल तर पृष्ठं नव्याने बसवावी लागतात. त्या कामाला 'पुनर्रचना' म्हणावं.