ऑफिसच्या डेटा बॅकअपसाठी मालकांना पैसे काढायला कसं तयार करावं?

भोसरीचा_हिशेबनीस

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या ४५ माणसांच्या एका कारखान्यात मी अकाउंट्स बघतो. कॉम्प्युटरचं काही अडलं की तेही माझ्याच टेबलावर येतं. आमचा सर्व्हर जिन्याखालच्या कपाटात आहे. टॅली, पगारपत्रक, पर्चेस ऑर्डरी, इन्स्पेक्शन रिपोर्ट, ऑटोकॅडची सगळी ड्रॉइंग्ज, असं तेरा वर्षांचं काम त्या एका डब्यात आहे. बॅकअप म्हणजे काय, तर दर शनिवारी मी टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घेतो आणि तो ड्रॉवरमध्ये टाकतो.

मे महिन्यात एका सोमवारी सर्व्हर चालू होईना. आतून टक्-टक् आवाज येत होता. डिस्क रिकव्हरीवाल्याकडे नेली. नऊ दिवसांनी बराचसा डेटा परत आला, पण मार्च ते मेमधली सुधारित ड्रॉइंग्ज आली नाहीत. शॉपफ्लोअरवर एका शाफ्टची जुनी प्रिंट पडलेली होती. ऑपरेटरने ती घेऊन काम चालू ठेवलं. की-वेची, म्हणजे शाफ्टवरच्या खाचेची, रुंदी एप्रिलमध्ये बदलली होती, हे त्याला कळणार कसं? १४० नग रिजेक्ट झाले. नगांच्या ढिगापाशी तो मान खाली घालून उभा होता. त्याची काहीच चूक नव्हती.

त्यानंतर मी कोटेशन आणलं. चार डिस्कचा स्टोरेज बॉक्स, बॅकअपचं सॉफ्टवेअर, वर्षभराचं क्लाउड, सगळं मिळून १ लाख ८५ हजार. साहेब म्हणाले, "डेटा मिळाला ना परत? मग आता कशाला?" त्याच आठवड्यात नवा कॉम्प्रेसर आला. माझं स्पष्ट मत आहे की कॉम्प्रेसर बंद पडला तर भाड्याने मिळतो, हा डेटा कुठेच मिळणार नाही. हे त्यांच्या गळी कसं उतरवू?

लेथवाला

असहमत. अंबडला माझं २२ माणसांचं युनिट आहे, तेव्हा तुमच्या साहेबांची बाजू मी मांडतो.

आमची बिलं ९० दिवसांनी सुटतात, कधी १२० दिवसांनी. पैसे येवोत न येवोत, २० तारखेला जीएसटी भरावाच लागतो. त्यात महिन्याला चार विक्रेते येतात, प्रत्येक जण काहीतरी भीती दाखवतो आणि पुढे कोटेशन सरकवतो. चार वर्षांपूर्वी मीही असाच एक डबा घेतला, ७० हजारांचा. हिरवा दिवा लुकलुकायचा, मला वाटायचं सगळं ठीक आहे. गरज पडली त्या दिवशी कळलं की आतली जागा भरल्यामुळे सात महिन्यांपासून बॅकअप बंद आहे. लावून देणारा फोन उचलेना. कॉम्प्रेसरचं कसं, हवा येते की नाही हे कानाला कळतं. बॅकअप चालतोय की नाही हे मालकाला कशावरून कळायचं? जे दिसत नाही त्यावर पावणेदोन-दोन लाख लावायला मालक बिचकतो, यात त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

जुनी_फाईल

मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालोय, माझा सल्ला सरळ आहे. लेखी द्या, पोच घ्या आणि मोकळे व्हा. निर्णय मालकाचा, धंदा मालकाचा. उद्या पुन्हा डिस्क गेली तर तुमच्याकडे कागद असेल. नोकराने मालकाच्या पैशासाठी रक्त आटवू नये.

भोसरीचा_हिशेबनीस

काका, लेखी दिलंय, पोचही आहे. पण पगारपत्रकही त्याच डब्यात आहे. सर्व्हर बंद होता तेव्हा सात तारखेचा पगार अकरा तारखेला झाला. हेल्परच्या मुलीची फी भरायची राहिली, तो दोनदा माझ्या टेबलाशी येऊन गेला. तो पोचेचा कागद मी त्याला काय दाखवू?

नाईटशिफ्ट

पंधरा वर्षं सर्व्हर सांभाळतोय, सध्या मस्कतला आहे. लेथवाल्यांचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. मात्र त्यातून "खर्चच नको" असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा.

नुसत्या हिरव्या दिव्यावर विसंबून मोठेमोठे फसलेत. गिटलॅब ही सॉफ्टवेअरवाल्यांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. दुसऱ्या सर्व्हरवर आहोत असं त्याला वाटत होतं. दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. मग बॅकअप बघायला गेले. रोजचा बॅकअप डेटाबेसची आवृत्ती जुळत नसल्यामुळे कधीपासूनच होत नव्हता. तो फसल्याचे ईमेलही कोणापर्यंत पोचत नव्हते. क्लाउडवर जिथे प्रती असायला हव्यात तिथे काहीच नव्हतं. वाचले कशामुळे? कोणीतरी वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने एक प्रत काढली होती. तरी मधल्या सहा तासांचं काम गेलंच. त्यांनी हे सगळं उघडपणे जगाला सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

म्हणून भोसरीकर, आधी ते कोटेशन बाजूला ठेवा. चार डिस्कचा बॉक्स त्याच जिन्याखाली ठेवणार असाल, तर आगीत, पाण्यात किंवा चोरीत सर्व्हरबरोबर तोही जाणार. चार डिस्क असल्याने एक डिस्क बिघडली तर काम थांबत नाही, एवढंच. कोणी फाईल पुसली तर ती चारही डिस्कवरून पुसली जाते. कमीत कमी तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक ऑफिसच्या बाहेर, हा जुना नियम आहे आणि अजून तरी त्याला पर्याय नाही. दोन पोर्टेबल डिस्क घ्या. एक आठवडा एक, दुसऱ्या आठवड्यात दुसरी. कॉपी झाली की वायर काढायची, हे सर्वात महत्त्वाचं. रॅन्समवेअर म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, तो जोडून ठेवलेली डिस्कही सर्व्हरबरोबरच कुलूपबंद करतो. रोज बदलणारं टॅली आणि ड्रॉइंग्जचं फोल्डर तेवढं क्लाउडवर. २५-३० हजारांत सुरुवात होते.

लेथवाला

रॅन्समवेअरवाले मोठ्या माशांच्या मागे असतात हो. २२ माणसांच्या लेथच्या कारखान्यात त्यांना काय मिळणार? आणि क्लाउड तर मला चालणारच नाही. कस्टमरशी गोपनीयतेचा करार आहे, त्याची ड्रॉइंग्ज माझ्या गेटबाहेर जाता कामा नयेत. उद्या ती फुटली तर ऑर्डर जाईल, वर दावा लागेल. याचं उत्तर द्या.

नाईटशिफ्ट

दोन्हींचं देतो.

निर्यात करणाऱ्यांना २०१७ चा जून आठवत असेल. न्हावा शेवा बंदरात मेर्स्क या जहाज कंपनीच्या ताब्यातलं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरच्या रांगा लागल्या. तो हल्ला न्हावा शेवावर नव्हता, खरं तर मेर्स्कवरही नव्हता. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो प्रोग्राम सुटला आणि वाटेत जो आला त्याचा डेटा खाक करत गेला. पैसे भरूनही डेटा सुटत नव्हता. मेर्स्कने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. त्यांच्या नेटवर्कच्या मुख्य नोंदवहीची एकच प्रत वाचली, ती घानातली, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती आणि मशीन बंद होतं. तेव्हा तुम्ही मासा मोठा की छोटा हे कोणी मोजत बसत नाही. पाइरेटेड सॉफ्टवेअर किंवा एखादं खोटं बिल जोडलेला ईमेल पुरतो.

क्लाउडचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. फाईल आपल्या मशीनवर सांकेतिक करूनच वर पाठवायची, म्हणजे तिथे ती कोणालाच वाचता येत नाही. पासवर्ड कागदावर लिहून मालकाच्या तिजोरीत. तो हरवला तर बॅकअपही गेला, हे आधीच सांगून ठेवतो. करारात तरीही मनाई असेल तर क्लाउड सोडा, तिसरी डिस्क घ्या आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

खातेवही

सांगलीत सीए म्हणून काम करते. कायद्याची बाजू कोणीच काढली नाही म्हणून लिहिते. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि हिशेब कॉम्प्युटरवर असतील, तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. आधी नियमात "ठरावीक काळाने" असं होतं, ऑगस्ट २०२२ मध्ये ते "रोज" झालं. शनिवारचा पेनड्राइव्ह त्यात बसत नाही. ऑडिटर अहवालात तसं लिहितो, आणि तो अहवाल बँकेत सीसी लिमिट (कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा) वाढवायला गेलात की मॅनेजर वाचतो. शिवाय कंपनी कायद्याप्रमाणे हिशेब आठ वर्षं जपायचे आणि जीएसटीचे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. तुमच्या साहेबांना धोक्याची भाषा पटत नसेल तर बँकेची पटेल.

लेथवाल्यांना एवढंच सांगते की मी इथला ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिलाय. पाणी ओसरल्यावर एका अशिलाच्या दुकानात गेले होते. कॉम्प्युटर चिखलाने भरला होता, आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. खण फुगून बसला होता, तो उघडायला स्क्रूड्रायव्हर लागला. त्यांनी बॅकअप इमानाने घेतला होता, रोज. फक्त तो त्याच खोलीत होता. नंतर चार महिने आम्ही बँकेची स्टेटमेंटं आणि पुरवठादारांकडून मागवलेली बिलं जुळवून हिशेब पुन्हा उभे केले. उधारीच्या वसुलीचा तर कागदच उरला नव्हता, ग्राहक सांगतील ते खरं.

जुनी_फाईल

हे वाचून मंत्रालयाची आग आठवली, २१ जून २०१२. माणसं गेली, मजलेच्या मजले जळाले. ज्या फायली दुसरीकडे कुठेच नव्हत्या, त्या पुन्हा तयार करायच्या म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यातून प्रती मागवायच्या. त्या धावपळीत मी होतो. "लेखी द्या आणि मोकळे व्हा" हे मी घाईने लिहिलं, ते मागे घेतो.

नाईटशिफ्ट

काका, सरकारचंच म्हणता, तर २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची त्यांची जी व्यवस्था होती, तिच्यातला ८५८ टेराबाइट डेटा गेला. बाहेर प्रतच नव्हती. कारण काय दिलं, तर डेटा फार मोठा होता. मॅनेजमेंट हेच म्हणतं, "एवढं सगळं कुठे ठेवणार?" तिथे सांगावं, सगळं नको. कशाशिवाय उद्या सकाळी गेट उघडता येणार नाही, तेवढं सांगा.

लेथवाला

पूर, आग, कोरिया, सगळं मान्य. माझा मूळ प्रश्न तसाच आहे. चालतंय हे मालकाने कशावरून मानायचं? ऑडिटरचा शेरा टाळायला घेतलेला बॅकअप म्हणजे माझ्या हिरव्या दिव्यासारखाच. कागदावर हजर, वेळेला गैरहजर.

भोसरीचा_हिशेबनीस

लेथवाले, तुमचा हाच प्रश्न घेऊन मी साहेबांकडे गेलो. झालं ते सांगतो.

नाईटशिफ्ट यांनी सांगितल्याप्रमाणे एक डिस्क माझ्या खिशातून घेतली. आधी रिकव्हरीतून आलेला सगळा डेटा तिच्यावर उतरवला, मग तीन आठवडे रोज संध्याकाळी कॉपी, वायर काढून डिस्क घरी. गेल्या रविवारी साहेबांना म्हटलं, अर्धा तास द्या. त्यांच्यासमोर सर्व्हरचा प्लग काढला. गोडाउनमधला जुना लॅपटॉप टेबलावर ठेवला, डिस्क जोडली आणि म्हणालो, "साहेब, समजा सर्व्हर गेला. तुम्ही सांगाल ते काढून दाखवतो."

त्यांनी आधी आमच्या सगळ्यात जुन्या कस्टमरचं २०१६ चं एक बिल मागितलं. टॅली उघडलं, बिल निघालं. मग एका फ्लँजचं ड्रॉइंग मागितलं, तेही उघडलं. लॅपटॉप संथ होता, पण उघडलं. ते खुर्ची पुढे ओढून बसले. तिसऱ्यांदा म्हणाले, "त्या शाफ्टचं काढ. एप्रिलचं." मी फोल्डर उघडलं. फेब्रुवारीची फाईल होती, त्यानंतर थेट जूनची. मधे काही नाही. मी काहीच बोललो नाही. त्यांनी स्वतः माउस घेऊन खाली-वर करून बघितलं, दोनदा.

मग विचारलं, "हे दर महिन्याला दाखवशील?" म्हटलं, हो, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, फाईल तुम्ही निवडायची. सोमवारी ३२ हजार मंजूर झाले. आणखी दोन डिस्क आणि रोजच्या फोल्डरसाठी क्लाउड, पासवर्ड तिजोरीत. माझे डिस्कचे पैसेही दिले. बॉक्सचं दिवाळीनंतर बघू म्हणाले, मीही आग्रह धरला नाही. एक डिस्क आता त्यांच्या बॅगेतून घरी जाते.

खातेवही ताई, रोजच्या बॅकअपचा नियम मी त्यांना प्रिंट काढून दिला. तो त्यांनी बँकेच्या फाईलला लावलाय.

लेथवाला

फाईल मालकाने निवडायची, हे पटलं. क्लाउडबद्दल माझं मत बदललेलं नाही, लॉकरवाला मार्ग मी घेईन. नाईटशिफ्ट, एक सांगा. माझा तो जुना डबा अजून शेल्फवर आहे, नंतर मुलाने जागा मोकळी करून पुन्हा चालू केला होता. त्यातून एकच जुनं ड्रॉइंग परत काढून बघायचं झालं तर सुरुवात कुठून करू? उद्या रविवार आहे, कारखाना बंद आहे, मुलगाही घरी आहे.

नाईटशिफ्ट

आधी सर्व्हरला हात लावू नका. दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपवर, वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, म्हणजे चालू फाईलवर जुनी फाईल बसणार नाही. डब्याच्या स्क्रीनवर शेवटच्या यशस्वी बॅकअपची तारीख दिसेल, तिचा फोटो काढून इथे टाका. मी सकाळी नऊपासून आहे.