एबीएसचा पिवळा दिवा जात नाही, आणि थांबताना पेडल थरथरतं

खाडीकाठची

गणपतीनंतर जुनी गाडी घेतली. २०१५ ची डिझेल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर झालेली, वरचं व्हेरियंट म्हणून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा, असलेली. मी पावसला राहते. महिन्यातून एकदा आईला डोळे दाखवायला कोल्हापूरला न्यावं लागतं, म्हणजे आंबा घाट आलाच. एबीएस हवंच होतं ते त्यासाठी.

घेतली तेव्हा मीटर स्वच्छ होता. चौथ्या दिवशी पिवळा दिवा लागला. चावी फिरवली की बाकीच्या दिव्यांबरोबर लागतो, दोन-तीन सेकंदांत विझतो, आणि गाडी जरा चालली की परत लागतो आणि राहतोच. ब्रेकचा लाल दिवा लागत नाही. ब्रेक ऑइल खुणेपर्यंत आहे.

पण खरी भीती वेगळीच आहे. दिवा लागायच्या आधी, गाडी अगदी हळू करून थांबवत असताना पायाखाली पेडल करकर करतं, थरथरतं, आणि गाडी हवी तिथे थांबत नाही. परवा मारुती मंदिरच्या चौकात असंच हातभर पुढे गेली. पुढे एक आजोबा रस्ता ओलांडत होते. ते लांब होते, काही झालं नाही, पण माझे हात घरी येईपर्यंत कापत होते.

इथल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं की चाकांचा वेग मोजणारे चारही सेन्सर बदला, नाहीतर मीटर उघडून बल्ब काढून देतो. बल्ब मला काढायचा नाही. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, मल्टीमीटर हाताळता येतो, चाक काढता येतं. घरी काय काय तपासता येईल?

डोंगरवाट

फ्यूज काढून टाका. साधे ब्रेक चालतातच की. आमच्या जुन्या गाडीला कुठे होतं एबीएस? दहा वर्षं घाट चढलो-उतरलो.

सांगलीचा मिस्त्री

डोंगरवाट, साधे ब्रेक चालतात हे बरोबर. पण ओल्या घाटात वळणावर दचकून ब्रेक दाबला की चाकं अडकतात, आणि अडकलेलं चाक स्टेअरिंग ऐकत नाही. ताईंनी एबीएसवाली गाडी त्याचसाठी घेतलीय.

ताई, तुमची लक्षणं वाचूनच अर्धं काम झालं. थांबता थांबता पेडल थरथरतं याचा अर्थ एबीएस चालू आहे आणि फसतंय. एखादं चाक अडकलं असं कॉम्प्युटरला वाटतं आणि तो त्या चाकाचा दाब सोडतो. म्हणून गाडी पुढे जाते. अशात माझा पहिला संशय रिंगवर असतो. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटवर दातांची लोखंडी रिंग दाबून बसवलेली असते, सेन्सर तिचे दात मोजतो. किनाऱ्यावरच्या गाड्यांत रिंगखाली गंज चढतो, गंज फुगतो आणि रिंग तडकते. तडकली की एका जागी दोन दातांमधलं अंतर वाढतं. हळू वेगात ते अंतर सेन्सरसमोरून जायला वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटरला वाटतं चाक थांबलं. जोरात चालताना तो क्षण इतका छोटा असतो की सहसा सुटून जातो.

आधी बिघाड कुठल्या चाकाचा ते शोधा. मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं ईएलएम ३२७ स्कॅनर बहुतेक इंजिनाच्याच बिघाडाचे कोड दाखवतं, एबीएसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. एबीएस वाचणारा स्कॅनर असेल अशा गॅरेजला जा, तीन-चारशे घेतील. सी००३५ म्हणजे पुढचं डावं, सी००४० पुढचं उजवं, सी००४५ मागचं डावं, सी००५० मागचं उजवं. कंपनीप्रमाणे आकडे बदलतात, म्हणून चाकाचं नाव वाचून घ्या. आणि एवढ्यावर थांबू नका. 'गाडी चालवून चारही चाकांचे वेग दाखव' म्हणावं. ज्याचा आकडा बाकीच्या तिघांपेक्षा मधेच खाली पडतो ते चाक.

एक पक्कं ध्यानात ठेवा: पिवळ्याबरोबर लाल दिवाही लागला तर गाडी तिथेच उभी करा. तेव्हा मागच्या-पुढच्या चाकांचा दाब वाटणारं ईबीडीही गेलेलं असू शकतं, नाहीतर ऑइल गळत असेल.

नाशिक_डिझेल

बॅटरी कितीची आहे? माझ्याकडे थंडीत स्टार्टर मारताना व्होल्टेज पडून हाच दिवा लागायचा. बॅटरी बदलली, गेला. मागच्या चाकांची बेअरिंग कुणी बदललीत का तेही विचारा. काही बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाची पट्टी असते, बेअरिंग उलटं बसवलं की सेन्सरला काहीच दिसत नाही.

खाडीकाठची

बॅटरी १२.६ व्होल्ट आहे, इंजिन चालू असताना १४.२. बेअरिंगला हात लागलेला नाही.

दादा, तुम्ही म्हणालात तसं स्कॅन केलं. सी००३५. चालवून बघितलं तर तीन चाकं ताशी १८ दाखवत होती आणि डावं पुढचं १८, १८, ११, १८ असं करत होतं. आता रविवारी चाक काढते. सेन्सर बाहेर काढून साफ करू का?

सांगलीचा मिस्त्री

आत्ताच नको. कोकणातल्या गाडीचा सेन्सर भोकात गंजून बसलेला असतो. दहाचा बोल्ट निघतो, पण सेन्सर ओढला की प्लास्टिक तुटून टोक आत राहतं, आणि मग चांगला सेन्सर उगाच जातो. आधी तो जागेवर ठेवूनच तपासा.

सपाट जागा, हॅन्डब्रेक, मागच्या चाकांना दगड, गाडी न्यूट्रल. नुसत्या जॅकवर हात आत घालायचा नाही, खाली स्टँड ठेवा. सेन्सरच्या वायरचा कपलर सोडवून दोन टोकांत ओहम बघा, मग उजव्या चाकाचे बघा. साध्या कॉइलच्या सेन्सरला हजाराच्या आसपास येतात, दोन्हीकडे जवळपास सारखे हवेत. मग मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवा, काटा हलला पाहिजे. नव्या गाड्यांतल्या, गाडीकडून वीज घेऊन चालणाऱ्या ॲक्टिव्ह सेन्सरला मात्र ही ओहमची तपासणी लागू नाही, तिथे स्कॅनरवरच भागवावं. त्यानंतर टॉर्च घेऊन रिंगचा एकेक दात बघा.

खाडीकाठची

सापडलं! जसं झालं तसं सगळं लिहिते.

सकाळी सात वाजता अंगणातल्या जांभ्याच्या फरशीवर गाडी घेतली. डावा सेन्सर ११८० ओहम, उजवा ११६५. दोन्हींचा काटा हलतो. म्हणजे जे चार सेन्सर मला विकले जाणार होते त्यांतला निदान हा तरी ठणठणीत आहे.

मग रिंग. सगळ्या दातांत लाल माती बसलेली, काही दिसेना. जुना टूथब्रश आणि पाणी घेऊन घासून काढली. एका दातावर खडूची खूण केली आणि चाक बोटाबोटाने फिरवत मोजत गेले. एकोणतिसाव्या दाताशी टॉर्च तिरका धरल्यावर दिसली: दोन दातांच्या मधोमध आडवी चीर, आतून विटकरी गंज बाहेर आलेला. माझं नख तिच्यात अडकलं. एकूण दात ४४. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "एवढीशी?"

शाफ्ट काढणं मात्र मी अंगावर घेतलं नाही. ते काम पहिल्या गॅरेजला न देता एका दुसऱ्या मिस्त्रींना दिलं आणि शेजारी उभी राहिले. दात आणि आतला व्यास जुळवून रिंग मागवली, ४५० रुपये. मजुरी १२००. जुनी रिंग छिन्नीच्या एका टोल्यात सुटली. तिच्या खालची जागा त्यांनी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत केली, कारण गंज राहिला तर नवीही तडकते. मग नवी रिंग शेगडीवर जाड पत्र्यावर तापवून शाफ्टवर अलगद सोडली. निवल्यावर हलेना. हबचा नट नवा घातला आणि टॉर्क पान्याने आवळला.

कोड पुसला. गाडी थोडी चालल्यावर दिवा विझला तो विझलाच. थांबताना पेडल गप्प. काल पाऊस पडून गेल्यावर मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही बघून, चाळिसावरून जोरात ब्रेक दाबला. पेडल थरथरलं, तेव्हा जसं थरथरायला हवं तसं, आणि स्टेअरिंग हातात राहिलं.

दादा, तुम्ही माझ्याकडून एक रुपया न घेता हे समजावलंत. हे मी विसरणार नाही.

सांगलीचा मिस्त्री

ताई, तुम्ही दात मोजलेत, तिथेच काम झालं. दोन गोष्टी राहिल्या. उजवी रिंगही तेवढीच जुनी आहे, ती बघा. आणि पुढेमागे जुन्या बाजारातून शाफ्ट घ्यायची वेळ आली तर त्यावर रिंग आहे ना हे आधी बघा. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्याआधी खालच्या व्हेरियंटला ते नसायचं, आणि त्यांचे शाफ्ट बिनरिंगचे येतात. बाहेरून फरक पटकन कळत नाही.

डोंगरवाट

माझं फ्यूजचं मत मागे घेतो. हातभर पुढे गेली हे मी नीट वाचलंच नव्हतं.

खाडीकाठची

उजवी आज बघितली. गंज आहे, चीर नाही, ४४ दात सगळे मोजले. दिवाळीच्या सुट्टीत तीही बदलून घेते. परवा आईला घेऊन घाट उतरायचा आहे.