ताय ची घरी शिकताना हात जमतात, पण पाय चुकतात : मार्गदर्शन हवे आहे

गोदातीर

नमस्कार. मी नाशिकला राहते आणि माझे वय 61 आहे. तीन वर्षांपूर्वी माध्यमिक शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाले. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याची झीज सुरू झाल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी चालण्याबरोबर तोल सांभाळण्याचे व्यायाम करायला सांगितले आणि ताय ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामप्रकाराचे नाव त्यांनीच सुचवले. आमच्या भागात ते शिकवणारे कोणी मला सापडले नाही. म्हणून गेले चार महिने मी रोज सकाळी गच्चीवर जाते, फोन कठड्याला टेकवून ठेवते आणि चित्रफिती पाहून 24 हालचालींचा संच शिकते.

पहिल्या सात-आठ हालचालींचे हात आता बऱ्यापैकी पाठ झाले आहेत, पण पाय नेहमी मागे राहतात. शिक्षक समोर तोंड करून उभे असल्यामुळे त्यांचा डावा हात म्हणजे माझा कोणता, हे ठरवेपर्यंत पुढची हालचाल सुरू झालेली असते. वळण आले की फोन पाठीमागे जातो आणि मान वळवून पाहताना तोल जातो. शिवाय मी दोन शिक्षकांच्या चित्रफिती पाहते. त्यांतले एक शिक्षक पाऊल वळवण्यापूर्वी मागच्या पायावर बसतात आणि दुसरे जागच्या जागी वळवतात. गेल्या पंधरवड्यापासून सरावानंतर डावा गुडघा दुखू लागला आहे, त्यामुळे मनात शंका आली आहे. प्रत्यक्ष गुरूशिवाय हे नीट शिकता येते का, आणि येत असेल तर कोणत्या क्रमाने शिकावे?

संथपावले

ताई, मी नऊ वर्षे ताय ची करतो आणि त्यांतली पहिली दोन वर्षे मीही केवळ पडद्यावर पाहूनच शिकलो. तुम्ही लिहिलेली प्रत्येक अडचण मी अनुभवली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुम्ही शिकत आहात तो संच 1956 साली चीनच्या क्रीडा आयोगाने ताय चीच्या यांग नावाच्या शैलीतल्या लांबलचक परंपरागत संचातून निवडून तयार करवला. सामान्य माणसाला तो लवकर शिकता यावा हाच त्यामागचा हेतू होता. संपूर्ण संच संथपणे केला तरी पाच-सहा मिनिटांत होतो. त्यात एक रचना अशी आहे की सोप्या हालचाली आधी येतात आणि एका पायावर उभे राहण्याच्या किंवा खाली बसण्याच्या हालचाली उत्तरार्धात येतात. त्यामुळे तुम्ही आठव्या हालचालीपर्यंतच पोहोचला असाल तर त्यात काहीही गैर नाही. गुडघ्याची तक्रार असताना तेवढ्यावर वर्षभर थांबले तरी चालेल.

आता मूळ मुद्दा. चित्रफितीत आपले डोळे आपोआप शिक्षकाच्या हातांवर जातात, कारण हात मोठी वर्तुळे काढतात आणि सुंदर दिसतात. परंतु ताय चीत हात हे शेवटचे टोक आहे. काम पायांत सुरू होते, कमरेतून वळते आणि मग हातांपर्यंत पोहोचते. एका पायावरचे वजन दुसऱ्यावर केव्हा आणि किती गेले, हे तर पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. चिनी शिक्षक ज्याला ‘भरलेला पाय’ आणि ‘रिकामा पाय’ म्हणतात, तो फरक शरीरातच जाणवावा लागतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी की एक महिना हात पूर्ण बाजूला ठेवावेत. तळहात कमरेवर टेकवा आणि फक्त ‘रानघोड्याची आयाळ विभागणे’ या हालचालीची पावले टाका.

तुम्ही शिक्षिका होता, तेव्हा खडू घरात असेलच. गच्चीवर एकमेकींपासून वीतभर अंतरावर दोन समांतर रेषा काढा. डावी टाच डाव्या रेषेवर आणि उजवी टाच उजव्या रेषेवर राहील अशा बेताने चाला. नवशिके बहुतेक वेळा दोन्ही पावले एकाच रेषेत टाकतात. दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याला ते साधते, आपला मात्र तोल त्यामुळेच जातो आणि दोष आपण वयाला देतो. पुढे पाऊल टाकताना आधी रिकामी टाच अलगद टेकवायची, तिच्यावर अजून काहीही वजन द्यायचे नाही, आणि मग तळवा टेकवत सावकाश पुढे सरकायचे. जुन्या चिनी सूत्रांत या चालीला मांजराच्या चालीची उपमा दिली आहे. बरोबर जमते आहे का हे तपासायला मधेच कोठेही थांबा आणि जो पाय रिकामा असायला हवा तो उचलून पाहा. शरीर दुसरीकडे न झुकवता तो उचलता आला, तर वजन खरोखर सरकले आहे. झुकावे लागले, तर ते दोन्ही पायांत वाटलेले राहिले आहे.

डाव्या-उजव्याच्या गोंधळाबद्दल सांगायचे तर शिक्षकाची पाठ आपल्याकडे असलेली चित्रफीतच निवडावी. समोरून दाखवणारे काही शिक्षक आपल्या सोयीसाठी आरशाप्रमाणे उलट बाजूने करतात, तर काही तसे करत नाहीत, आणि हे पुष्कळदा सांगितलेलेही नसते. स्वतःची खात्री करून घेण्याची एक खूण देतो. ‘एकेरी चाबूक’ या हालचालीत एका हाताची बोटे चोचीसारखी जुळवलेली असतात आणि दुसरा तळहात पुढे जातो. या संचात ती हालचाल दोनदा येते आणि दोन्ही वेळा चोच उजव्याच हाताची असते. तुमची चोच डाव्या हाताने होत असेल, तर तुम्ही सगळा संच आरशातला शिकला आहात. तसे असल्यास आताच बदला. मला हे सात महिन्यांनी कळले होते आणि सगळे पुन्हा शिकायला जवळजवळ तेवढाच काळ लागला.

वळणावर पडदा मागे जातो, त्यावर उपाय एकच, तो म्हणजे पडद्याकडे पाहत सराव न करणे. आधी खुर्चीत बसून एका हालचालीची चित्रफीत निम्म्या वेगाने चार वेळा पाहावी, वहीत पावलांचा क्रम आपल्या शब्दांत लिहून काढावा आणि मग फोन बंद करून उभे राहावे. विसरले तर पुन्हा बसून पाहावे. पाहणे आणि करणे ही दोन कामे वेगळी ठेवली की मान वळवण्याचा प्रश्न उरत नाही आणि हालचाल लवकर स्वतःची होते. फोनचा खरा उपयोग उलटा आहे. आठवड्यातून एकदा स्वतःचे चित्रण करा, एकदा समोरून आणि एकदा कडेने, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट तपासा. या आठवड्यात फक्त गुडघ्याची दिशा, पुढच्या आठवड्यात फक्त खांदे उचलले जातात का, असे.

दोन शिक्षकांपैकी एकाची निवड आजच करून टाका. पाऊल वळवण्याच्या दोन्ही पद्धतींना परंपरेचा आधार आहे, पण 1956 च्या संचात मागच्या पायावर बसून, पुढच्या पायाचा चवडा उचलून तो बाहेर वळवण्याची रीत आहे आणि दुखऱ्या गुडघ्याला तीच सोसते.

अस्थिसंधी

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे, त्यामुळे फक्त गुडघ्यापुरते लिहिते. प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान करता येत नाही, तेव्हा दुखणे वाढत असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा आहे. वाकणे आणि सरळ होणे हे त्याचे काम आहे, पीळ सोसणे हे नाही. पाऊल वजनाखाली जमिनीला चिकटलेले असताना कंबर वळवली, तर तो सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. तुम्ही जागच्या जागी पाऊल वळवणाऱ्या शिक्षकांचे पाहून करत असाल आणि पायांत जाड रबरी तळव्याचे बूट असतील, तर पंधरा दिवसांतले दुखणे तेथूनच आले असण्याची शक्यता मोठी आहे. पातळ आणि सपाट तळव्याचे बूट घाला. वळण्यापूर्वी त्या पायावरचे वजन काढून घ्या. पुढचा गुडघा अंगठ्याशेजारच्या बोटाच्या दिशेत राहू द्या, आत कलू देऊ नका आणि पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका. सध्या उभेच राहा. चित्रफितीतले तरुण शिक्षक जितके खाली बसतात तितके बसण्याची काहीच आवश्यकता नाही. सरावानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळीही टिकून राहिले, तर आदल्या दिवशीचे प्रमाण जास्त झाले असे समजून ते निम्मे करा.

तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे. 2016 साली अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या 204 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 12 आठवडे ताय ची करणाऱ्यांचे दुखणे भौतिकोपचार घेणाऱ्यांइतकेच कमी झाल्याचे आढळले. मात्र त्या रुग्णांना समोर उभे राहून शिकवणारे प्रशिक्षक होते, हे लक्षात ठेवावे. घरी एकटीने करताना गच्चीच्या कठड्याजवळ करू नका. हाताशी जड, स्थिर खुर्ची ठेवा.

पूर्वकिनारा

मी गेली बारा वर्षे सिंगापूरला राहतो. येथे इमारतींखालच्या मोकळ्या जागांत आणि उद्यानांत पहाटे ज्येष्ठ मंडळी ताय ची करताना दिसतात आणि मी अशाच एका गटात शिकलो. संथपावले यांनी लिहिलेले जवळजवळ सर्व मला मान्य आहे, परंतु एका गोष्टीवर माझे मत वेगळे आहे. स्वतःचे चित्रण पाहून स्वतःला सुधारता येते, हे अर्धेच खरे वाटते. जी चूक आपल्याला चूक म्हणून ठाऊकच नाही, ती चित्रणातही दिसत नाही.

माझ्या बाबतीत घडलेले सांगतो. कंबर वळवायची असे वर्षभर ऐकत होतो आणि प्रामाणिकपणे वळवत होतो. एके दिवशी गटातल्या एका वृद्ध आजींनी माझ्या जांघेच्या घडीवर स्वतःच्या हाताची कड ठेवली आणि येथून दुमड, असे खुणेने सांगितले. तेव्हा कळले की मी इतके दिवस फक्त छाती फिरवत होतो आणि खालचा पीळ गुडघ्यावर येत होता. चिनी भाषेत त्या जागेला ‘क्वा’ म्हणतात आणि आपल्या ‘जांघ’ या शब्दाने ती नेमकी कळते. हे कोणत्याही चित्रफितीत मला दिसले नव्हते, कारण सैल कपड्यांखाली ते दिसतच नाही.

म्हणून ताईंना सुचवावेसे वाटते की आधीच चित्रित केलेल्या चित्रफितींबरोबर महिन्यातून दोनदा तरी प्रत्यक्ष संवादाचा ऑनलाइन वर्ग घ्यावा, ज्यात शिक्षक तुम्हाला पाहून थांबवू शकतील. मोठ्या वर्गात तुमची चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते, तेव्हा पाच-सहा जणांचाच गट निवडा. कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवा, पावलांपासून डोक्यापर्यंत सर्व दिसू द्या आणि गुडघे दिसतील असे कपडे घाला. पहिल्याच दिवशी दुखऱ्या गुडघ्याबद्दल सांगा. ते ऐकूनही जे खाली बसायला लावतील, त्यांचा वर्ग सोडून द्या.

आणखी एक, कारण आपल्याकडे याबद्दल हमखास गैरसमज होतो. ‘ताय ची’मधला ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती नव्हे. प्राणाच्या जवळ जाणारा चिनी शब्द वेगळा आहे आणि रोमन लिपीत दोन्ही सारखे लिहिले जात असल्यामुळे घोटाळा होतो. ‘ताय ची’चा अर्थ परम टोक, परमावधी असा आहे, आणि पूर्ण नावातल्या ‘चुआन’चा अर्थ मूठ, म्हणजे मुष्टियुद्ध. हे मुळात युद्धकौशल्य आहे, हे कळले की हालचाली लक्षात ठेवणे सोपे जाते. ‘गुडघा झाडून पुढे’ जाताना खालचा हात समोरच्याची लाथ बाजूला सारतो आणि वरचा हात त्याच्या छातीवर ढकलतो. हा अर्थ मनात असला की कोणता हात खाली आणि कोणता वर, हे पाठ करावे लागत नाही.

गोदातीर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. तीन आठवडे थांबून मुद्दामच उशिरा लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे बरे वाटेना.

चोचीची खूण लगेच पाहिली. माझी चोच डाव्या हाताचीच होती, म्हणजे चार महिने मी आरशातले शिकत होते. त्या दिवशी फार वाईट वाटले, पण मग खडूच्या रेषा काढल्या आणि हात कमरेवर ठेवून पहिल्यापासून सुरुवात केली. रिकामा पाय उचलून पाहण्याच्या कसोटीत पहिल्या दिवशी दहापैकी दोनदाच उत्तीर्ण झाले, आता सहा-सात वेळा होते. बूट बदलले आणि मागे बसून वळण्याची सवय लावली, त्यानंतर सकाळचे दुखणे राहिलेले नाही. जिना उतरताना मात्र पूर्वीसारखेच जाणवते. पाच जणांचा एक ऑनलाइन वर्गही मिळाला आहे. पहिल्याच दिवशी शिक्षिकेने माझा उजवा खांदा वर उचललेला असतो हे दाखवून दिले. फळ्यावर लिहिण्याची तीस वर्षांची सवय असावी.

आता एकच प्रश्न उरला आहे. मी अनेक वर्षे प्राणायाम करते, त्यामुळे हालचाल सुरू झाली की श्वास मोजला जातो आणि संथपणा राखण्याच्या नादात तो मधेच रोखला जातो. श्वास हालचालीशी कसा जुळवावा?

संथपावले

ताई, सध्या जुळवूच नका. प्राणायामात श्वास पुढे असतो आणि शरीर स्थिर असते. येथे पावले पुढे असतात आणि श्वास त्यांच्या मागून येतो. पहिले वर्षभर तो नाकाने, सहज, जसा येईल तसा येऊ द्यावा आणि मोजदाद पूर्णपणे सोडून द्यावी. पुढे तुमच्या लक्षात येईल की हात वर येताना किंवा शरीराजवळ येताना श्वास आत येतो आणि हात पुढे जाताना बाहेर पडतो. पण हालचाल लांब आणि श्वास आखूड असेल, तर मधे एक जास्तीचा श्वास खुशाल घ्यावा. रोखला मात्र कधीही जाऊ नये, कारण श्वास रोखला की खांदे उचलले जातात. तुमच्या उजव्या खांद्याचे कारण फळ्याबरोबर कदाचित हेही असेल. एकदा सराव करताना हळू आवाजात अंक म्हणत राहा. आवाज जेथे अडखळेल, तेथे श्वास रोखला जातो आहे. ती हालचाल वहीत नोंदवा आणि तेवढीच पुढच्या वर्गात शिक्षिकेला दाखवा.