‘--लेगसी-पीअर-डेप्स’ लावून पुढं जायचं, की डिपेंडन्सी नीट जुळवायच्या?

उद्यमबाग_फ्रंटएंड
जुन्या रिॲक्ट (वेब पानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) प्रोजेक्टवर पॅकेजं इन्स्टॉल करणाऱ्या एनपीएमकडून ‘ईरिझॉल्व्ह’ (आवृत्त्या जुळत नाहीत) हा एरर आला की लगेच ‘--लेगसी-पीअर-डेप्स’ हा न जुळण्याकडं डोळेझाक करणारा फ्लॅग लावणं बंद करा, असं माझं ठाम मत आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रींच्या कॅटलॉग साइट एकाकडून दुसऱ्याकडं जातात. फ्लॅग पहिल्याच्या टर्मिनलमध्येच राहतो आणि दुसऱ्याचं ‘एनपीएम सीआय’ (लॉक फाइलमध्ये नोंदलेल्या नेमक्या आवृत्त्याच इन्स्टॉल करणारी कमांड) अडतं.

नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) १४ सोबत एनपीएम ६ यायचं. पीअर, म्हणजे एखाद्या लायब्ररीला सोबत लागणारं दुसरं पॅकेज, जुळलं नाही तर ते नुसती वॉर्निंग द्यायचं. २०२० मधल्या एनपीएम ७ पासून पीअर आपोआप इन्स्टॉल होतात, जुळले नाहीत तर काम तिथंच थांबतं. म्हणजे दोष आधीपासूनच होता. एररमधल्या ‘फाउंड’ आणि ‘पीअर’ या ओळी वाचा: रिॲक्ट १८ सापडलं, मटेरियल-यूआय (तयार बटणं-फॉर्मची रिॲक्ट लायब्ररी) ४ ला मात्र १६.८ किंवा १७ हवंय. मग मटेरियल-यूआय ५ वर जा.

खानापूर_नोड
जा म्हणणं सोपं आहे ओ. स्टाइल लिहायच्या ‘मेकस्टाइल्स’चं काय? पाचमध्ये ते ‘@एमयूआय/स्टाइल्स’ या वेगळ्या पॅकेजात गेलं, आणि ते पॅकेज रिॲक्ट १८ वर चालत नाही. सगळ्या स्टाइल नव्यानं लिहाव्या लागतात. मराठी-कन्नड चार पानं आणि एक चौकशी फॉर्म, एवढ्या साइटसाठी हा खर्च कोण देणार? रिॲक्ट १७ वरच ठेवा की! आवृत्त्यांपुढचं ‘^’ (पुढच्या आवृत्त्यांना मुभा देणारी खूण) काढा, लॉक फाइल गिटमध्ये ठेवा, नोडची आवृत्ती ठरवणाऱ्या ‘.एनव्हीएमआरसी’ फाइलीत नोडचा आकडा लिहा आणि सर्व्हरवर फक्त ‘एनपीएम सीआय’ चालवा.

उद्यमबाग_फ्रंटएंड
१७ वर थांबणं मान्य, फ्लॅगपेक्षा कितीतरी बरं. पण ‘.एनव्हीएमआरसी’त १४ लिहून बसू नका, त्याचा सपोर्ट एप्रिल २०२३ मध्येच संपला. नोड १७ पासून ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) ३ आहे. वेबपॅक (फाइली जोडून साइट बांधणारं साधन) ४ चा जुना एमडी४ हॅश त्यात चालत नाही आणि बिल्ड पडतो. त्यावर ‘--ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर’ लावणं म्हणजे पुन्हा तेच झाकणं. बिल्डची तयार मांडणी देणारं रिॲक्ट-स्क्रिप्ट्स ५ घ्या. वेबपॅक ५ मिळतं, रिॲक्ट १७ तसंच राहतं. ‘बफर’सारखे नोडचे पॉलिफिल (ब्राउझरमध्ये नसलेल्या सोयींची भर) मात्र वेबपॅक ५ स्वतःहून देत नाही, ते बघून घ्या.

निपाणी_जेएस
दोघांनीही ‘ओव्हरराइड्स’ (आवृत्ती आपणच ठरवून देणं) सोडलंत. कोड चालतोय, पण लेखकानं पीअरची रेंज वाढवलेली नाही, अशी एखादी छोटी लायब्ररी अडवत असेल तर पूर्ण स्थलांतर कशाला? एनपीएम ८.३ पासून पॅकेज.जेसनमध्ये ‘ओव्हरराइड्स’खाली त्या लायब्ररीपुरतं ‘रिॲक्ट’ला ‘$रिॲक्ट’ (प्रोजेक्टची स्वतःची रिॲक्ट आवृत्ती) देता येतं. हे फाइलमध्ये लिहिलेलं राहतं, पुढच्या माणसाला दिसतं. मग लॉक फाइल काढून पुन्हा इन्स्टॉल करायचं.

खानापूर_नोड
लॉक फाइल काढू नका! ‘^’ असलेलं एकूण एक पॅकेज पुढं सरकतं, आणि उद्या काही मोडलं तर कशामुळं ते शोधत बसावं लागतं. ती एकच लायब्ररी अनइन्स्टॉल करून परत घाला. नंतर ‘एनपीएम एलएस रिॲक्ट’ चालवा, सगळीकडं एकच आवृत्ती दिसली पाहिजे. दोन प्रती राहिल्या तर ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ हा एरर येऊ शकतो.

निपाणी_जेएस
लॉकचं बरोबर, मागं घेते. पण ओव्हरराइडवर ठाम आहे.

उद्यमबाग_फ्रंटएंड
एका लायब्ररीपुरता चालेल. मटेरियल-यूआय ४ ला तोच लावून रिॲक्ट १८ वर नेणार असाल, तर माझा विरोध कायम.