विषय: बॅलन्स बाइक खरंच लागते का?

नमस्कार मंडळी,
लेकीला तीन पूर्ण झाली. दादाची जुनी छोटी सायकल घरात आहे, मागे आधाराची दोन चाकं लावलेली. पायडल छान मारते, पण वळण आलं की अंग बाहेर जातं आणि घाबरून उतरते. सगळे म्हणतात बॅलन्स बाइक घ्या, म्हणजे पायांनी जमीन रेटत चालवायची बिनपायडलची छोटी सायकल. पायडलच नसेल तर ती सायकल कसली? आणि वर्षभरात लहान होणार ते वेगळंच. कोणाचा अनुभव?

---

उत्तर: बॅलन्स बाइक खरंच लागते का?

ताई, आधी आहे त्याच सायकलची आधाराची चाकं आणि पायडलं काढून बघा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. मी नेहमीच्या दिशेने पाना फिरवत, घाम गाळत ते आणखी घट्ट करून ठेवलं होतं.

वळणाचं म्हणाल तर दोष तिचा नाही. दुचाकी वळताना आत कलावी लागते आणि आधाराची चाकं नेमकं तेच होऊ देत नाहीत. म्हणजे पायडल येतं, तोल येत नाही; आणि अवघड भाग तोलाचाच. "सायकल कसली" म्हणताय, पण पहिली दुचाकी तशीच होती! कार्ल फॉन ड्राइसने १८१७ साली मानहाइममध्ये चालवली ती लाकडी, जमीन पायाने रेटत. पायडलं आली १८६०च्या दशकात.

सीटकडे मात्र नीट बघा. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकून गुडघे किंचित वाकले पाहिजेत. आमचा मुलगा पहिले काही दिवस सीटवर टेकलाच नाही, सायकल मांड्यांत धरून नुसता चालायचा. मग पळू लागला, आणि एकदा अगदी हलक्या उतारावर पाय वर घेऊन सरळ पुढे गेला. मधल्या काळात हँडल धरायला माझे हात शिवशिवत होते. धरू नका. आपण धरलं की तोल आपण सांभाळतो.

---

उत्तर: बॅलन्स बाइक खरंच लागते का?

वरच्याशी सहमत, एक सोडून. पायडलं काढली तरी दांडे राहतात आणि ते नडगीवर बसतात. शिवाय छोट्या सायकली जड असतात. वजन मुलाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत हवं, नाहीतर पडलेली सायकल त्याला उचलताही येत नाही. ब्रेक नसेल तर थांबायचं पायांनीच, म्हणून पुढून बंद बूट हवेत आणि मोठा उतार नको. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, नंतर घालायला लावणं महाकठीण.

---

उत्तर: बॅलन्स बाइक खरंच लागते का?

दोघांचे आभार. पायडलं निघाली (डावं उलटं फिरवून!). पण सीट अगदी खाली करूनही तिच्या टाचा अधांतरीच. तेव्हा बॅलन्स बाइकच. कोणाच्या मुलाची लहान झाली असेल तर मला कळवा, येऊन घेऊन जाईन.